तिसरं सॅम्पल

अंबडच्या ज्या कारखान्यात मी अजूनही नोकरी करते, तिथे पाणी तापवायचे गिझर तयार होतात. खरं म्हणजे जोडले जातात. टाकी एकाकडून येते, तापणारी कॉइल दुसऱ्याकडून, पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट तिसऱ्याकडून. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणारा विभाग गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. त्याला सगळे इनकमिंग म्हणतात. डिप्लोमा झाल्यावर मी तिथे इन्स्पेक्टर म्हणून लागले. पहिली तीन वर्षं शेडमध्ये मी एकटीच बाई होते आणि मला कायम केलेलं नव्हतं. या दोन्ही गोष्टींची आठवण कोणी ना कोणी रोज करून द्यायचं.

आमचे इनचार्ज मनमाडचे होते. रोज पहाटेची गाडी धरून नाशिकरोडला यायचे, तिथून बसने अंबडला, संध्याकाळी तसेच परत. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. गाडी उशिरा आली तर ते शेडमध्ये शिरताना घड्याळाकडे बघत आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काम करत. तसं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी त्यांना सर म्हणायचे. ते आधी मला मॅडम म्हणायचे, मग चार-सहा महिन्यांनी पोरी म्हणायला लागले. मला ते आवडायचं.

काम त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. थर्मोस्टॅटचा लॉट यायचा बाराशे नगांचा, बारा खोक्यांत. बाराशे नग तपासत बसलं तर आठवडा जाईल, म्हणून त्यातले ऐंशी काढायचे, तेवढेच तपासायचे, आणि त्यावरून सगळ्या लॉटचा निर्णय घ्यायचा. ऐंशीत दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट पास. तीन निघाले की सगळा लॉट परत. हे आकडे आमच्या मनाचे नव्हते, छापील कोष्टकातले होते. ते कोष्टक सरांनी प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला लावलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी खोकं उघडलं आणि वरचेच आठ-दहा नग उचलले. सरांनी ते परत ठेवायला लावले. मखमलाबादला आमची भाजी-टोमॅटोची शेती आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, तुझे वडील मार्केटला टोमॅटोची जाळी भरून नेतात तेव्हा वर कसले टोमॅटो ठेवतात? मी म्हटलं, चांगले. "मग थर्मोस्टॅटवाला वेगळा असेल का?" त्यांनी मला आकड्यांचं एक पुस्तक दिलं. त्यातला आकडा बघायचा, त्या खोक्यातला तेवढ्या नंबरचा नग काढायचा, तळाचा असला तरी. त्यासाठी सगळं खोकं रिकामं करावं लागायचं, हात भरून यायचे. ते म्हणायचे, हाताला सवय असते, तो जवळचं उचलतो, म्हणून हाताला ठरवू द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "एकदा सॅम्पल काढलं की काढलं. निकाल आवडला नाही म्हणून दुसरं काढायचं नसतं." मला तेव्हा वाटलं, हे काय सांगायचं, हे तर कोणालाही कळेल.

करोनानंतर कारखान्यात नवीन मॅनेजर आले. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यांनी जुना थर्मोस्टॅटवाला बदलून दुसरा आणला. नव्याचा माल चांगल्या खोक्यांतून यायचा, प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत. पहिले दोन लॉट व्यवस्थित पास झाले. तिसरा लॉट आला तेव्हा उत्पादन विभागाकडे एकही थर्मोस्टॅट शिल्लक नव्हता आणि लाइन दुपारी बंद पडेल असे फोन सकाळपासून येत होते.

थर्मोस्टॅट तपासायला आमच्याकडे गरम तेलाची एक छोटी टाकी आहे. एका वेळी आठ नग बुडवायचे, तेल हळूहळू तापवायचं, आणि कोणता कितीवर वीज तोडतो ते लिहायचं. ऐंशीसाठी दहा फेऱ्या. त्या सकाळी मी आणि सरांनी मिळून दहा फेऱ्या केल्या. तेल मर्यादेपलीकडे तापलं तरी चार नगांनी वेळेवर वीज तोडली नाही. त्यातल्या एकाने तर तोडलीच नाही, मला तेलाचा बर्नर घाईने बंद करावा लागला.

सरांनी नापासाचं लाल कार्ड लिहिलं आणि खोक्यांना लावलं. मॅनेजर स्वतः शेडमध्ये आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, ऐंशीच नग आहेत ना, नशिबाने वाईट नग हाताला लागले असतील, अजून एक सॅम्पल घ्या. सर म्हणाले, चार निघाले आहेत, लॉट परत. मॅनेजर म्हणाले, तुम्हीच म्हणता ना की सॅम्पल म्हणजे अंदाज असतो, मग दुसरा अंदाज घेऊन बघायला काय हरकत आहे?

"दुसरं घ्यायचंच असेल तर पहिलं काढायच्या आधी ठरवायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "आता निकाल बघून नाही घेता येत. असं घेत बसलं तर कधीतरी पास होणारच."

मॅनेजर हसले. मग त्यांनी सरांना सांगितलं की दुसऱ्या शेडमध्ये टाक्यांचा माल मोजायचा राहिलाय, तो तुम्ही आत्ताच्या आत्ता बघून घ्या. सरांनी माझ्याकडे बघितलं, जाताना एवढंच म्हणाले की कार्ड काढू नको. आणि ते गेले. जाण्यावाचून त्यांना दुसरं काय करता येणार होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मॅनेजर माझ्यासमोर स्टुलावर बसले. त्यांनी खराब चार नग बाजूला काढून घेतले आणि म्हणाले, मॅडम, चला, तुम्ही काढा. मी आकड्यांचं पुस्तक घेतलं, बाकी खोक्यांतून ऐंशी नग काढले, तेल तापवलं. ते अधूनमधून फोनवर बोलत होते, एकदा त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. माझ्या कन्फर्मेशनचे कागद त्यांच्या टेबलावर होते. त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत, तशी गरजच नव्हती. दुसऱ्या सॅम्पलमध्ये तीन निघाले.

तीन म्हणजे परत. मी मॅनेजरांना म्हटलं, हाही फेल आहे. ते म्हणाले, अगदी काठावर आहे हो, एकाने फेल. तेही तीन नग त्यांनी बाजूला काढले. "अजून एकदा बघू. मग तुमच्या मनालाही शंका राहणार नाही."

माझ्या मनाला शंका नव्हतीच. तरी मी तिसऱ्यांदा खोकी उपसली. चार वाजून गेले होते, लाइन दुपारीच बंद पडली होती आणि शेडच्या दारात उत्पादन विभागाचे दोघे ट्रॉली घेऊन उभे होते. शेवटची फेरी चालू असताना मी देवाला काय मागत होते हे मला स्पष्ट आठवतं. मी मागत होते की तिसरा खराब नग निघू नये. त्या फेरीत सगळ्या आठ नगांनी वेळेवर वीज तोडली. ऐंशीत दोन. पास.

मॅनेजरांनी लाल कार्ड स्वतः काढलं. म्हणाले, आधीचे दोन कागद ठेवायची गरज नाही, फायनल तेवढा फाइलला लावा, नाहीतर ऑडिटवाले गोंधळतात. मी ते दोन कागद फाडले. एकावर सरांची सही होती. फाडून शेडमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, वर तेल पुसलेला बोळा टाकला. तिसऱ्या कागदावर तपासणाऱ्याच्या जागी मी सही केली. इनचार्जची जागा होती तिथे मॅनेजरांनी सरांच्या वतीने म्हणून एक रेघोटी ओढली, कोणाची आहे ते वाचता न येणारी.

सर पाच वाजता परत आले तेव्हा लॉट गेलेला होता. त्यांनी मला विचारलं, दुसरं काढलं? मी मान डोलावली. पास झालं? मी परत मान डोलावली. तिसऱ्याचं मी सांगितलं नाही. ते बराच वेळ रिकाम्या जागेकडे बघत राहिले, मग पिशवी उचलली आणि गाडीसाठी निघाले. पुढच्या आठवड्यात त्यांना स्टोअरला बसवलं. महिन्याभराने मला कायम केल्याचं पत्र मिळालं. घरी आईने पेढे वाटले. मीही खाल्ले.

पाच-सहा महिने काही झालं नाही. थंडी सुरू झाली तशा तक्रारी यायला लागल्या. पाणी उकळतंय, गिझर बंदच होत नाही, नळातून नुसती वाफ येतेय. सर्व्हिसवाले जाऊन थर्मोस्टॅट बदलून यायचे. मग खानदेशातल्या एका घरातून फोटो आले. आंघोळीला बसलेल्या बाईने नळ उघडला आणि उकळतं पाणी तिच्या खांद्यावर आणि हातावर आलं. फोटोत तिचा चेहरा नव्हता, फक्त हात होता, कोपरापासून खाली. बांगड्या कापून काढलेल्या दिसत होत्या, त्यांचे वळ राहिले होते. तो फोटो आमच्या विभागाच्या ग्रुपवर आला होता. त्याखाली कोणीतरी फक्त अंगठा टाकला होता.

गिझरच्या नंबरावरून लॉट शोधला. तोच होता.

चौकशी ऑफिसातल्या काचेच्या खोलीत झाली. मुख्य ऑफिसहून आलेले एक साहेब, आमचे मॅनेजर, सर आणि मी. फाइलमध्ये एकच कागद होता, ऐंशीत दोन, पास, माझी सही आणि ती रेघोटी. साहेबांनी सरांना विचारलं, तुम्ही तेव्हा इनचार्ज होता, ही सही तुमची का? सर म्हणाले, नाही. मी हा लॉट नापास केला होता, चार खराब निघाले होते, मी लाल कार्ड लावलं होतं, त्यानंतर मला तिथून हलवलं. साहेबांनी मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजर शांतपणे म्हणाले की असा कुठलाही कागद रेकॉर्डला नाही, यांचं वय झालंय, लॉटांमध्ये गफलत होत असेल.

मग सर म्हणाले, हिला विचारा. ही होती तिथे.

साहेब माझ्याकडे वळले. त्यांचा प्रश्न साधा होता. पहिलं सॅम्पल फेल झालं होतं का?

खोलीत एसी चालू होता. मॅनेजर माझ्याकडे बघतही नव्हते, पेनाचं टोपण लावत होते. सर मात्र बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. त्यांना खात्री होती मी काय सांगणार याची.

"मला नक्की आठवत नाही, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. स्वतःची बाजू मांडायला सरांना आणखी पाच मिनिटं दिली गेली होती, त्या पाच मिनिटांत ते टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत बसले.

त्यांना लेखी ताकीद मिळाली, कामात हलगर्जीपणा केल्याची. निवृत्तीला तेव्हा सात महिने राहिले होते. आमच्याकडे जुनी माणसं निवृत्त झाली की त्यांना वर्ष-दोन वर्षं नव्या पोरांना शिकवायला ठेवून घेतात. त्यांना ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये हार-नारळ असतो, फोटो असतो. त्या दिवशी ऑडिट आहे म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला आणि पुढे तो झालाच नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे कार्ड पंच केलं आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. मी शेडच्या दारात उभी होते. जाऊन भेटावं असं मनात आलं होतं, पण माझ्याबरोबर दोघं-तिघं होते आणि ते बघतील असं वाटलं. एवढंच कारण होतं.

इनकमिंगची त्यांची जागा तोवर रिकामीच होती, तिथे इनचार्ज म्हणून मला केलं.

तक्रारींचं रजिस्टर मी त्यानंतर नियमाने बघायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. त्या लॉटच्या अकरा तक्रारी नोंदवलेल्या होत्या. मी सर्व्हिसच्या माणसाला विचारलं की उरलेले गिझर परत बोलावून बघता येणार नाहीत का? तो म्हणाला, मॅडम, ज्याची तक्रार येते त्याचं आपण बदलून देतो, ज्याची येत नाही त्याला कशाला उठवायचं? वर विचारलं तर वरूनही हेच उत्तर आलं, फक्त इंग्रजीत.

वर्षभराने मी मनमाडला गेले. रविवार होता. घरी सांगितलं मैत्रिणीकडे जाते. ज्या गाडीने ते तीस वर्षं येत-जात होते तिचा रस्ता मी पहिल्यांदा बघितला. निफाड, लासलगाव, मध्ये प्लॅटफॉर्मवर कांद्याच्या गोण्यांची थप्पी. तास-सव्वा तासाचा प्रवास. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक स्टेशनला ती मोडत होती.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुम्हीच का त्या?" मी हो म्हटलं. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं, चहा केला. कप माझ्यासमोर ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या मी जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

सर बनियनवर होते, घाईने शर्ट घालून आले. बारीक झाले होते. त्यांनी कारखान्यातल्या एकेकाची चौकशी केली, तेलाची टाकी बदलली का विचारलं. मग सांगितलं की गावातल्या एका खासगी आयटीआयमध्ये त्यांना मोजमापाची साधनं शिकवायला घेणार होते. सगळं ठरलं होतं. त्या लोकांनी रीतीप्रमाणे कारखान्यात फोन करून चौकशी केली आणि कारखान्याने फाइलमध्ये जे होतं ते सांगितलं. नंतर आयटीआयवाल्यांनी यांचा फोन उचलणं बंद केलं. हे ते मला ऐकवायचं म्हणून सांगत नव्हते. घरी दिवसभर काय करता असं मी विचारलं होतं, त्याचं ते उत्तर होतं.

मी जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, सर, मला आठवत होतं. त्या दिवशी मी खोटं बोलले.

ते म्हणाले, माहिती आहे.

मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्यात किती निघाले होते?"

मला वाटलं होतं ते विचारतील, का केलंस. मी सांगितलं, दुसऱ्यात तीन निघाले होते. ते चमकले. म्हणाले, तीन? मग पास कसं केलं? मी म्हटलं, तिसरं काढलं. तिसऱ्यात दोन निघाले.

तिसऱ्याचं त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हतं. त्यांनी जवळ पडलेल्या लाइटबिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं. चार, तीन, दोन. दोनशे चाळीसमध्ये नऊ. आधीचे खराब नग परत खोक्यात टाकले होते का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, काढून घेतले होते. त्यांनी बाराशेतून दोनशे चाळीस वजा केले, खाली आणखी काहीतरी केलं, आणि पेन्सिल ठेवली.

"म्हणजे आत साधारण छत्तीस गेले," ते म्हणाले. "तक्रारी किती आल्या?"

"अकरा."

"मग पंचवीस घरं राहिली."

हा हिशोब मला वर्षभरात करता आला नसता असं नाही. दोन मिनिटांचं काम होतं, त्यांनीच शिकवलेलं. मी तो केला नव्हता, कारण तो केला की मला एक आकडा मिळाला असता. त्यांनी तो लाइटबिलावर लिहून माझ्यासमोर ठेवला. त्या वर्षभर, मला नंतर वाटलं, त्यांना हीच शंका खात असली पाहिजे, की आपण उगाच अडलो, की मॅनेजर म्हणाला तसं खरंच नशिबाने चार वाईट नग हाताला लागले असतील. आता ती शंका फिटली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद वगैरे काही दिसला नाही.

परत आल्यावर मी चार पानांचं पत्र लिहिलं. हाताने, मराठीत. तीन सॅम्पल, तिन्ही आकडे, कोणी काय सांगितलं, मी काय फाडलं, चौकशीत मी काय बोलले, आणि आत किती नग गेले असावेत. ते मी कारखान्याच्या मुख्य साहेबांच्या हातात दिलं. मॅनेजर तोपर्यंत बढती घेऊन दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात गेले होते. मुख्य साहेबांनी माझ्यासमोर सगळं वाचलं, हे मला मान्य करायला हवं. वाचून त्यांनी विचारलं, ते फाडलेले दोन कागद तुमच्याकडे आहेत का? फोटो वगैरे? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग हे फक्त तुमचं म्हणणं झालं. आणि तुम्ही तर चौकशीत याच्या उलट सांगितलंय.

मी विचारलं, त्या पंचवीस घरांचं काय? ते म्हणाले, तो तुमचा अंदाज आहे.

मला वाटलं होतं मला काढतील. निदान इनचार्जपद जाईल. नोकरी गेली तर काय करायचं हे मी घरी बोलून ठेवलं होतं, वडील म्हणाले होते, मार्केटात भाजीच्या गाळ्यावर बस माझ्याबरोबर. तसं काहीच झालं नाही. पत्र माझ्या फाइलला लावलं. सरांच्या फाइलला नाही, माझ्या. त्यांची ताकीद होती तिथेच राहिली. मला कामावरून कमी केलं नाही, समजही दिली नाही. इनकमिंगचं काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि मी ते चांगलं करते असं सगळे म्हणतात.

पत्राची एक प्रत मी स्वतः आयटीआयला पोस्टाने पाठवली, वर लिहिलं की या माणसाची काही चूक नव्हती. त्यांचं उत्तर आलं नाही.

मधे दोनदा नुसती खुशाली विचारायला मी सरांना फोन केला होता; दोन महिन्यांनी केला तेव्हा हे सगळं सांगितलं. पत्र लिहिलं, कोणाला दिलं, काय झालं. मागे टीव्ही चालू होता, कोणीतरी तो बारीक केला. ते म्हणाले की आयटीआयमध्ये आता दुसरा माणूस लागलाय, येवल्याचा आहे, बरा शिकवतो असं ऐकलं.

मी म्हटलं, सर, मी काही करू शकत असेन तर सांगा.

"तेव्हा दोन मिनिटं लागली असती, पोरी," ते म्हणाले. रागावलेले वाटले नाहीत. एखादी फेरी किती वेळात होते ते सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. मग त्यांनी आवाज खाली केला. "आणि एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. आता फोन करत जाऊ नको. तुझा फोन आला की ही दिवसभर जेवत नाही."

मी बरं म्हटलं. त्यांनी ठेवतेस का विचारलं, मी हो म्हटलं, आणि तरी फोन आधी त्यांनीच ठेवला. त्याला आता दोन वर्षं होतील.